तर्कक्षमता विभाग (महाराष्ट्र विधी सामाईक प्रवेश परीक्षा)

तर्कक्षमता विभाग हा महाराष्ट्र राज्यातील विधी अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील (एमएच-सीईटी विधी) एक विभाग आहे. तार्किक व विश्लेषणात्मक विचार करण्याची परीक्षार्थीची क्षमता त्यात बहुपर्यायी प्रश्नांद्वारे तपासली जाते. विधानांवरून निष्कर्ष काढणे, नातेसंबंध ओळखणे, बैठकव्यवस्था लावणे, दिशा व अंतर ठरवणे, मालिका पूर्ण करणे, सांकेतिक भाषा उलगडणे आणि विधानामागील गृहीतक शोधणे हे या विभागातील प्रमुख प्रश्नप्रकार होत. या प्रश्नांची उत्तरे पाठांतरावर किंवा सामान्यज्ञानावर अवलंबून नसतात. प्रश्नात जे दिले आहे तेवढ्यावरूनच काय निश्चितपणे म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे ओळखणे हाच त्यांचा गाभा आहे.

ही परीक्षा इंग्रजीबरोबरच मराठीतूनही देता येते. त्यामुळे तर्काच्या या प्रश्नांना मराठी भाषेच्या स्वभावाचा एक वेगळा पैलू लाभला आहे. ‘काही’, ‘सर्व’, ‘तर’ आणि ‘तरच’ यांसारखे शब्द, ‘च’ हे अव्यय आणि मराठीतील नातेवाचक शब्द यांचा नेमका अर्थ लक्षात न घेतल्यास तर्क बरोबर असूनही उत्तर चुकू शकते.

परीक्षेतील स्थान

महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून घेतल्या जातात. विधी अभ्यासक्रमांची सामाईक प्रवेश परीक्षा २०१६ पासून घेतली जाते. तिचे दोन प्रकार आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी परीक्षा असते. दोन्ही परीक्षा संगणकावर होतात.

आरंभीच्या स्वरूपात परीक्षा १५० प्रश्नांची व १५० गुणांची होती. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत तर्कक्षमतेवर ४०, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत ३० प्रश्न असत. २०२४ पासून एकूण प्रश्नसंख्या १२० करण्यात आली. तेव्हापासून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३२ आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २४ प्रश्न या विभागात विचारले जातात. म्हणजे पहिल्या परीक्षेत एकूण गुणांपैकी एक चतुर्थांशाहून थोडे अधिक आणि दुसऱ्या परीक्षेत एक पंचमांश गुण या विभागाला आहेत.

परीक्षेचा कालावधी दोन तासांचा असतो. १५० प्रश्नांच्या काळात एका प्रश्नाला सरासरी ४८ सेकंद मिळत. १२० प्रश्नांमुळे ही सरासरी एक मिनिट झाली. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा केले जात नाहीत. त्यामुळे कोणताही प्रश्न अनुत्तरित ठेवण्यात परीक्षार्थीचा लाभ नसतो.

पार्श्वभूमी

अनुमानाचा पद्धतशीर विचार भारतात न्यायदर्शनाने केला. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान इतरांना पटवून देण्यासाठी पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धूर असलेला आहे. म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने दोन आधारविधाने व एक निष्कर्ष अशा रचनेतून अनुमानाचे नियम मांडले.

या दोन परंपरांतील एक भेद प्रवेश परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. न्यायदर्शनातील अनुमान खऱ्या जगाचे ज्ञान मिळवण्यासाठी असते, म्हणून त्यात सर्वांना मान्य असलेले उदाहरण द्यावे लागते. प्रवेश परीक्षेतील अनुमानात आधारविधाने खरी आहेत की खोटी, हा प्रश्नच नसतो. ती खरी मानली तर निष्कर्ष अटळपणे निघतो का, एवढेच पाहायचे असते. ‘सर्व पर्वत पक्षी आहेत, सर्व पक्षी नद्या आहेत, म्हणून सर्व पर्वत नद्या आहेत’ हे अनुमान अर्थदृष्ट्या हास्यास्पद असले तरी रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे.

प्रमाणित बुद्धिमापनाचा आरंभ फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सायमन यांनी १९०५ मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीपासून मानला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यभरतीसाठी मोठ्या समूहाची एकाच वेळी लेखी चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली. मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बिने यांच्या श्रेणीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत विधी महाविद्यालयांची प्रमाणित प्रवेश परीक्षा १९४८ मध्ये सुरू झाली. भारतात राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची सामाईक परीक्षा (क्लॅट) २००८ पासून घेतली जाते. ती इंग्रजीतून होते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा या प्रश्नांशी पहिला परिचय बहुधा शालेय वयातच होतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून घेतल्या जाणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचा समावेश असतो. ही परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती आणि २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली. उच्च माध्यमिक स्तरावर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषयही उपलब्ध आहे.

प्रश्नप्रकार

विधाने व निष्कर्ष

या प्रकारात दोन किंवा अधिक विधाने देऊन त्यांवरून कोणता निष्कर्ष निघतो ते विचारले जाते. विधाने पुढील चार साच्यांत बसतात : ‘सर्व क हे ख आहेत’, ‘एकही क हा ख नाही’, ‘काही क हे ख आहेत’ आणि ‘काही क हे ख नाहीत’.

उदाहरणार्थ, ‘सर्व वकील पदवीधर आहेत’ आणि ‘काही पदवीधर कवी आहेत’ ही विधाने दिली आहेत. ‘काही वकील कवी आहेत’ हा निष्कर्ष त्यांवरून निघतो का? अनेक परीक्षार्थी होकारार्थी उत्तर देतात, कारण कविता करणारे वकील त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले किंवा ऐकलेले असतात. परंतु जे पदवीधर कवी आहेत ते सर्व वकिलांच्या वर्तुळाबाहेरचेही असू शकतात. म्हणून निष्कर्ष निघत नाही. ‘एकही वकील कवी नाही’ हा निष्कर्षही तितकाच असिद्ध आहे. ‘काही कवी पदवीधर आहेत’ एवढेच दुसऱ्या विधानावरून निश्चित म्हणता येते.

असे प्रश्न वर्तुळांच्या आकृतीने सोडवतात. ही आकृती इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन याच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १८८० मध्ये मांडली. केवळ एक आकृती काढून थांबणे ही या प्रकारातील सर्वांत सामान्य चूक आहे. विधानांशी सुसंगत अशी एक जरी आकृती निष्कर्षाच्या विरुद्ध काढता आली, तरी तो निष्कर्ष बाद होतो. म्हणून निष्कर्षाला अनुकूल आकृती शोधण्याऐवजी प्रतिकूल आकृती शोधणे अधिक उपयुक्त ठरते.

नातेसंबंध

‘छायाचित्रातील स्त्रीकडे बोट दाखवून सुमन म्हणाली, “ही माझ्या मामाच्या मुलाची आत्या आहे.” त्या स्त्रीचे सुमनशी नाते काय?’ मामाच्या मुलाची आत्या म्हणजे मामाची बहीण. ती सुमनची आई असू शकते किंवा मावशीही असू शकते. सुमनची आई ही मामाची एकुलती एक बहीण आहे, असे प्रश्नात म्हटले असेल तरच ‘आई’ हे उत्तर निश्चित होते. तसे म्हटले नसेल आणि पर्यायांत ‘सांगता येत नाही’ असे असेल, तर तेच योग्य उत्तर होय.

नात्यांचे प्रश्न वंशावळीच्या आकृतीने सोडवतात. पिढ्या एकाखाली एक लिहाव्यात, भावंडे आडव्या रेषेने व पती-पत्नी दुहेरी रेषेने जोडावीत आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी खूण करावी, ही रूढ पद्धत आहे. केवळ नावावरून व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे ठरवणे टाळावे लागते. प्रश्नात व्यक्तींऐवजी क, ख, ग अशी अक्षरे असतात तेव्हा ही काळजी विशेष आवश्यक असते.

बैठकव्यवस्था

पाच व्यक्ती एका बाकावर उत्तरेकडे तोंड करून बसल्या आहेत : अनंत, भारती, चंदू, देवकी आणि ईश्वर. देवकी मध्यभागी आहे. भारती अनंतच्या लगेच उजवीकडे आहे. चंदू देवकीच्या शेजारी नाही. पुढीलपैकी कोणते विधान निश्चितपणे सत्य आहे?
(१) अनंत एका टोकाला आहे.
(२) भारती देवकीच्या शेजारी आहे.
(३) ईश्वर देवकीच्या शेजारी आहे.
(४) ईश्वर देवकीच्या उजवीकडे आहे.

देवकीची जागा तिसरी, हे पक्के आहे. अनंत व भारती ही जोडी पहिल्या-दुसऱ्या किंवा चौथ्या-पाचव्या जागेवर बसू शकते. चंदू देवकीच्या शेजारी नसल्याने तो कोणत्या तरी टोकालाच असणार. म्हणून डावीकडून उजवीकडे दोन मांडण्या संभवतात : ‘अनंत, भारती, देवकी, ईश्वर, चंदू’ किंवा ‘चंदू, ईश्वर, देवकी, अनंत, भारती’. पहिला, दुसरा आणि चौथा पर्याय केवळ पहिल्या मांडणीत खरा ठरतो. तिसरा पर्याय दोन्ही मांडण्यांत खरा आहे, म्हणून तेच उत्तर.

पहिली मांडणी सापडताच जो थांबेल, त्याला चारही पर्याय खरे वाटतील. असे झाले की एखादी मांडणी राहून गेली आहे, असे समजावे. अशा प्रश्नांत पक्की माहिती आधी भरावी, नंतर जोडीने येणारी माहिती आणि शेवटी नकारार्थी अटी लावाव्यात. व्यक्ती दक्षिणेकडे तोंड करून बसल्या असतील तर त्यांचा उजवा हात पश्चिमेला येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दिशा व अंतर

‘एक मुलगी घरातून निघून उत्तरेकडे ४ किलोमीटर चालते, मग उजवीकडे वळून ३ किलोमीटर चालते. ती घरापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे?’ उजवीकडचे वळण पूर्वेला नेते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने अंतर ५ किलोमीटर येते आणि दिशा ढोबळमानाने ईशान्य ठरते. सावलीच्या प्रश्नांत सकाळी सावली पश्चिमेकडे व सायंकाळी पूर्वेकडे पडते, एवढे सूत्र पुरते.

मालिका व सांकेतिक भाषा

३, ७, १५, ३१ या मालिकेत प्रत्येक संख्येची दुप्पट करून त्यात एक मिळवला की पुढील संख्या येते; म्हणून पुढील संख्या ६३. मालिकेचा नियम सापडला असे वाटले तरी तो सर्व पदांना लागू पडतो का, हे तपासावे लागते. पहिल्या दोन पदांवरून बांधलेला नियम बहुधा फसवा निघतो. येथे ‘चार मिळवणे’ हा नियम तिसऱ्या पदाशीच कोसळतो.

सांकेतिक भाषेच्या प्रश्नांत अक्षरांचे वर्णमालेतील क्रमांक वापरले जातात. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनाही अशा प्रश्नांसाठी सहसा इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरांचे क्रमांक माहीत असावे लागतात. देवनागरी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांची गणना कशी करावी आणि स्वरचिन्हांचे काय करावे, असे प्रश्न उद्भवतात. राज्य शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप २००९ मध्ये व सुधारित रूपात २०२२ मध्ये जाहीर केले असले, तरी शब्दातील अक्षर आणि वर्ण यांतील भेद कायम राहतो. ‘पुणे’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे, परंतु त्यात चार वर्ण आहेत.

विधान व गृहीतक

उलवे येथील एका गृहनिर्माण संस्थेत पुढील सूचना लावली आहे, अशी कल्पना करता येईल : ‘सोमवारी पाणीपुरवठा बंद राहणार असल्याने रहिवाशांनी रविवारीच पाणी साठवून ठेवावे.’ या सूचनेमागे कोणती गृहीतके आहेत?

‘रहिवासी सूचना वाचतील’ हे गृहीतक आहे. कोणीच वाचणार नसेल तर सूचना लावणे निरर्थक ठरते. ‘रहिवाशांकडे पाणी साठवण्याची काही सोय आहे’ हेही गृहीतक आहे. मात्र ‘दर सोमवारी पाणी बंद असते’ किंवा ‘पाणीपुरवठा करणारी यंत्रणा निष्काळजी आहे’ ही गृहीतके नव्हेत. ती रहिवाशांच्या अनुभवाशी जुळत असतील, पण सूचना त्यांच्यावाचूनही अर्थपूर्ण राहते. गृहीतक ओळखण्याची कसोटी हीच आहे : ते नाकारून पाहावे, नाकारल्यावर मूळ विधान कोसळले तर ते गृहीतक, न कोसळल्यास नव्हे.

दिलेल्या माहितीची मर्यादा

वरील सर्व प्रकारांत चुका होण्याचे प्रमुख कारण गणिती अडचण हे नसून, प्रश्नात नसलेली माहिती मनातून भरणे हे असते. ‘एक गाडी आधी खारकोपर स्थानकात थांबली व नंतर बामणडोंगरी स्थानकात थांबली’ असे विधान प्रश्नात आहे, असे समजू. नेरूळ किंवा बेलापूरहून घरी परतणाऱ्या उलव्याच्या रहिवाशाला आधी बामणडोंगरी व मग खारकोपर लागते. त्यामुळे त्याला विधान चुकीचे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक गाडी उरणच्या बाजूने येत असेल तर हाच क्रम योग्य आहे. प्रश्नात गाडीची दिशा सांगितलेली नसेल, तर परीक्षार्थीने ती आपल्या सवयीवरून ठरवू नये. ओळखीचे नाव आले की माहिती मनातून भरण्याचा मोह वाढतो.

मराठी भाषेची वैशिष्ट्ये

बोलीतील मराठी आणि तर्कातील मराठी यांत काही ठिकाणी अंतर पडते. परीक्षेच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

‘काही’ : बोलताना ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ असे म्हटले की उरलेले अनुत्तीर्ण झाले, असे ऐकणारा समजतो. तर्कात ‘काही’ म्हणजे ‘किमान एक’; सर्वही असू शकतात. ‘काही क ख आहेत’ यावरून ‘काही क ख नाहीत’ असा निष्कर्ष निघत नाही.

‘सर्व … नाहीत’ : ‘सर्व परीक्षार्थी वेळेवर आले नाहीत’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात : एकही वेळेवर आला नाही, किंवा काही आले व काही आले नाहीत. म्हणून तर्काच्या प्रश्नांत पहिल्या अर्थासाठी ‘एकही परीक्षार्थी वेळेवर आला नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘काही परीक्षार्थी वेळेवर आले नाहीत’ अशी रचना निःसंदिग्ध ठरते.

‘च’ : या एका अक्षराच्या जागेवरून विधानाचा अर्थ पालटतो. ‘वकीलच न्यायाधीश होतात’ याचा अर्थ, जे न्यायाधीश होतात ते सर्व वकील असतात. ‘वकील न्यायाधीशच होतात’ याचा अर्थ, वकील दुसरे काही होत नाहीत. पहिल्या विधानावरून प्रत्येक वकील न्यायाधीश होतो असे म्हणता येत नाही, आणि दुसऱ्यावरून प्रत्येक न्यायाधीश वकील होता असेही म्हणता येत नाही.

‘तर’ आणि ‘तरच’ : ‘ओळखपत्र असेल तर प्रवेश मिळेल’ या विधानावरून प्रवेश न मिळालेल्याकडे ओळखपत्र नव्हते, हे सिद्ध होते. परंतु ओळखपत्र नसलेल्याला प्रवेश मिळणारच नाही, हे सिद्ध होत नाही. त्याच्यासाठी दुसरी सोय असू शकते. ‘ओळखपत्र असेल तरच प्रवेश मिळेल’ या विधानाने ओळखपत्राविना प्रवेश अशक्य ठरतो. पण ओळखपत्र असलेल्या प्रत्येकाला प्रवेश मिळेल, अशी हमी त्यात नाही. बोलण्यात ‘तर’ हा शब्द पुष्कळदा ‘तरच’ या अर्थाने घेतला जातो. परीक्षेत तसे चालत नाही.

नातेवाचक शब्द : इंग्रजीत एका शब्दात सामावणारी नाती मराठीत स्वतंत्र नावांनी ओळखली जातात. काका, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान या सर्वांना इंग्रजीत ‘अंकल’ हा एकच शब्द आहे. दीर, मेहुणा व साडू यांचीही तीच स्थिती आहे. ‘नेफ्यू’ या शब्दाचे भाषांतर करताना तर बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हेही पाहावे लागते : पुरुषाच्या भावाचा मुलगा हा त्याचा पुतण्या, पण स्त्रीच्या भावाचा मुलगा हा तिचा भाचा. परिणामी इंग्रजीत जे कोडे असते, त्याचे उत्तर मराठी भाषांतरात शब्दाच्या निवडीतूनच उघड होऊ शकते. उलट, भाषांतरकाराने चुकीचा शब्द योजल्यास प्रश्न मराठी परीक्षार्थीसाठी सुटण्याजोगाच राहत नाही. म्हणून नातेसंबंधांचे प्रश्न भाषांतरित करण्यापेक्षा प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे रचणे अधिक न्याय्य ठरते.

दिशावाचक शब्दांत मात्र मराठी परीक्षार्थीची सोय होते. ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य व वायव्य या उपदिशांना स्वतंत्र नावे असल्याने मुख्य दिशांशी त्यांचा गोंधळ होण्याचा संभव कमी असतो.

सोडवण्याची सर्वसाधारण पद्धत

तर्कक्षमतेचे प्रश्न सोडवताना पुढील क्रम उपयुक्त मानला जातो.

१. नेमके काय विचारले आहे ते प्रथम वाचणे. ‘निश्चितपणे सत्य’, ‘सत्य असू शकेल’ आणि ‘सत्य असू शकत नाही’ या तीन प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात.
२. माहिती शब्दांतून आकृतीत उतरवणे. परीक्षा संगणकावर असली तरी आकृती कच्च्या कागदावर काढावी लागते.
३. पक्की माहिती आणि सशर्त माहिती वेगळी ठेवणे.
४. एकाहून अधिक मांडण्या संभवत असतील तर त्या सर्व काढणे.
५. पर्याय एकेक करून बाद करणे. योग्य पर्याय सिद्ध करण्यापेक्षा अयोग्य पर्याय खोडून काढणे अनेकदा कमी वेळात होते.
६. दीर्घ बैठकव्यवस्थेसारखे प्रश्न दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवणे. सर्व प्रश्नांना समान गुण असल्याने एकाच प्रश्नावर पाच मिनिटे खर्च करणे परवडत नाही.
७. शेवटच्या मिनिटांत उरलेल्या प्रश्नांचे पर्याय निवडणे. चारपैकी दोन पर्याय बाद झालेले असतील, तर अंदाज बरोबर येण्याचा संभव निम्मा होतो.

सरावाच्या वेळी चुकलेल्या प्रश्नाचे केवळ योग्य उत्तर पाहून पुढे जाण्यापेक्षा, प्रश्नात नसलेली कोणती गोष्ट आपण मनातून भरली याची नोंद ठेवणे अधिक फलदायी ठरते. एकाच प्रकारची चूक पुनःपुन्हा होते, हे अशा नोंदीतून लवकर लक्षात येते.

विधी शिक्षणाशी संबंध

विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी तर्कक्षमता तपासण्यामागे त्या व्यवसायाचे स्वरूप आहे. न्यायालयाला निर्णय अभिलेखावरील पुराव्याच्या आधारे द्यावा लागतो. न्यायाधीशाला व्यक्तिशः काय वाटते किंवा गावात काय बोलले जाते, याला पुराव्याचे स्थान नसते. कायद्याच्या कलमातील ‘आणि’, ‘किंवा’, ‘परंतु’ व ‘तरच’ यांसारख्या शब्दांवर पक्षकाराचा हक्क अवलंबून असतो. दिलेल्या मजकुरात काय आहे आणि काय नाही, यांतील रेषा ओळखण्याची जी सवय या प्रश्नांनी अपेक्षिली आहे, तीच पुढे करारनामा, साक्ष किंवा निकालपत्र वाचताना लागते. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याने, मराठीतून नेमका तर्क करता येणे हे केवळ परीक्षेपुरते कौशल्य राहत नाही.

मर्यादा व टीका

तर्कक्षमतेच्या प्रमाणित चाचण्यांवर विविध आक्षेप घेतले जातात. एका प्रश्नाला सुमारे एक मिनिट मिळत असल्याने विचाराच्या खोलीपेक्षा वेगाला महत्त्व येते, हा पहिला आक्षेप होय. सरावाने गुण वाढत असल्यामुळे शिकवणीचे शुल्क परवडणाऱ्यांना लाभ होतो, हा दुसरा. प्रश्नांचे ठरावीक साचे पाठ करून युक्त्यांनी उत्तरे काढली जातात, असेही म्हटले जाते. तथापि विधानातील एखादा शब्द बदलताच अशा युक्त्या निरुपयोगी ठरतात.

आकृतीवर अवलंबून असलेले प्रश्न दृष्टिहीन परीक्षार्थींना प्रतिकूल असतात, हा आक्षेप अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. तेथील विधी प्रवेश परीक्षेच्या संचालकांनी २०१९ मध्ये दृष्टिहीन परीक्षार्थींशी तडजोड केली आणि बैठकव्यवस्थेसारख्या कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेतून वगळण्यात आला. भारतात क्लॅट परीक्षेनेही २०२० पासून सुटे प्रश्न कमी करून उताऱ्यावर आधारित प्रश्नांचे स्वरूप स्वीकारले.

भाषेचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. केवळ इंग्रजीतून होणाऱ्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा तर्क तपासला जातो की त्याचे इंग्रजी, हे वेगळे काढणे कठीण असते. महाराष्ट्राच्या विधी प्रवेश परीक्षेने मराठीचा पर्याय देऊन ही अडचण काही अंशी दूर केली आहे. मात्र मराठी प्रश्न हा इंग्रजी प्रश्नाची शब्दशः छाया न राहता मराठीच्या व्याकरणात निःसंदिग्ध असेल, तरच या पर्यायाचा हेतू सफल होतो.